लिंडनर पाद्र्याचा मुलगा

रीडिंग,
१४ जून १९९१

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. विष्णुभावजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आंब्याचा रस आटवून बरण्या भरल्यास, समोरच्यांनी गच्चीवर पत्रे घालून तुझं ऊन अडवलं, सगळं वाचलं. अतुलच्या येण्याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही. तुझ्या त्याआधीच्या पत्रातही नव्हतं. ऑगस्टच्या तिकिटाचं मोहनने तुम्हाला एप्रिलमध्येच कळवलं होतं. तू रागावली आहेस असं मी म्हणत नाही. तू रागावलीस की सरळ तोंडावर बोलतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तू गप्प आहेस, म्हणून मला चैन पडत नाही. पाच वर्षांचा मुलगा छातीत घरघर घेऊन तुझ्याकडे आला, तो तुझ्या घरात तेरा वर्षांचा झाला, आणि आता मी तो माझा म्हणून परत मागते आहे. यावर कोणी काय लिहावं? मी तुझ्या जागी असते तर मीही आंब्याच्या रसाबद्दलच लिहिलं असतं. या आठवड्यात मी तुला लिहायला बसते, उठते, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालते, पुन्हा बसते. तुळस बहुतेक माझ्यामुळेच कुजणार आहे.

आधी माझ्या कामाचं सांगते, कारण बाकीचं त्यातूनच येणार आहे. मी लायब्ररीत अर्धा दिवस जाते ते तुला माहीतच आहे. फेब्रुवारीत तिथे हिल्डे ब्राण्ट नावाच्या एक जर्मन बाई आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ, पावसात छत्री न उघडणाऱ्या. त्यांचा नवरा युद्धात कैदी म्हणून इंग्लंडात आला, इथल्या एका शेतावर कामाला लागला आणि सुटका झाल्यावरही इथेच राहिला. तो आता नाही. इथे अशा जर्मन लोकांची लुथरन पंथाची एक लहानशी मंडळी आहे. स्वतःचं चर्च नाही, दुसऱ्यांच्या चर्चचा हॉल मागून घेतात आणि उपासनेनंतर खुर्च्या पुसून रचून ठेवतात. हिल्डेबाईंच्या नवऱ्याचे एक पूर्वज, योहान लिंडनर, दोनशे वर्षांपूर्वी धर्मप्रचारासाठी तंजावरला गेले होते. मंडळीच्या वर्धापनदिनाला त्यांच्या चरित्राची एक छोटी इंग्रजी पुस्तिका काढायची आहे. घरातले कागद जर्मन आहेत, ते बाई वाचतात. पण त्यातली काही पानं कुठल्या लिपीत आहेत हे कोणालाच कळेना. एका तमिळ डॉक्टरांनी पाहून हे आमचं नाही म्हणून हात झटकले होते. बाईंनी ती पानं माझ्या काउंटरवर पसरली आणि ताई, मी जवळजवळ ओरडले. मोडी! तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं ना. पाद्रीबुवा तमिळ शिकलेच, शिवाय दरबारातल्या माणसांशी बोलता यावं म्हणून मराठीही शिकायला बसले. ती त्यांची सरावाची पानं. थरथरत्या हाताने लिहिलेलं, ‘आज ऊन फार आहे’, ‘घड्याळ उद्या दुरुस्त होईल’, ‘आपली प्रकृती कशी आहे’. एम.ए.ला असताना मी मोडीच्या वर्गाला जायचे, तेव्हा तू म्हणायचीस, प्रभे, हे शिकून तुला नोकरी कोण देणार? नोकरी नाही, पण दर गुरुवारी कॉफी आणि सफरचंदाचा केक मिळतो आहे.

महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला हॅरोला गेलो होतो, तिथे वैजयंतीने सगळ्यांसमोर विचारलं, काय गं, पाद्र्यांकडे जातेस म्हणे, बाटवलं की नाही अजून? मी म्हटलं, अजून केकपर्यंतच आले आहे. ती म्हणाली, केकपासूनच सुरुवात होते बाई, आमच्याकडे श्रीखंड खाऊन कोणी हिंदू झालेलं ऐकलंयस का? सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना गाडीत विचार करत होते की आपल्या माणसांचा धर्म बदलायला आलेल्या एका माणसाचं आयुष्य मी का लिहिते आहे? मला तो आवडतो आहे का, आणि आवडत असेल तर त्यात काही चुकतं आहे का? मोहन म्हणाला, तू भाजी निवडतानाही स्वतःची उलटतपासणी घेतेस. ते खरंच आहे. रोजची डायरी लिहिते तीही पुष्कळदा स्वतःवरच्या आरोपपत्रासारखी होते.

तर लिंडनर. हिल्डेबाई जर्मन वाचतात, मोडक्या इंग्रजीत सांगतात, मी लिहून घेते. डॅनिश जहाजाने तरंगमबाडीला उतरले तेव्हा अठ्ठाविशीचे होते. तमिळ अक्षरं शिकायला पहिल्यांदा गावच्या शाळेत पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले आणि वाळूत बोटाने गिरवू लागले. पोरं त्यांच्या नाकाला हसायची. पुढे तंजावरला गेले. त्यांनी हौसेने लाकडी व्यासपीठ करवलं, ते दोन पावसाळ्यांत वाळवीने खाल्लं, तेव्हा एका रविवारी बोलता बोलता ते पाद्र्यासकट खाली बसलं. दरबारात त्यांना मान होता, पण देवाच्या वचनापेक्षा जास्त राजवाड्यातली युरोपियन घड्याळं चालू करून देतात म्हणून. हिल्डेबाई डोळे मिचकावून म्हणतात, माय डिअर, त्यांनी माणसं सुधारली त्याहून घड्याळं जास्त सुधारली. मला हा माणूस त्या वाक्यापासूनच आवडायला लागला. परक्या गावात आपण ज्यासाठी आलो त्यासाठी कोणालाच नको असतो, भलत्याच कामासाठी हवे असतो, हे मोहनला सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे आमच्या ऑफिसात मी. सॉफ्टवेअर लिहायला घेतलंय आणि सगळे प्रिंटर बिघडला की मला हाक मारतात.

त्यांना एक मुलगा होता, क्रिस्टियान. तंजावरलाच जन्मला. सहा वर्षांचा झाल्यावर त्याला जर्मनीला पाठवून दिलं, लिंडनरच्या बहिणीकडे. त्यात काही विशेष नव्हतं, हिल्डेबाई म्हणाल्या, सगळे मिशनरी तसंच करत. तिथे हवा सोसायची नाही, शाळा नव्हत्या, मुलं आयांच्या मांडीवर तमिळ बोलायला लागायची. मुलाला ‘घरी’ पाठवायचं, ही रीतच होती. त्या बोलत होत्या आणि मी लिहीत होते, माझा हात कुठेही थांबला नाही. मँचेस्टरच्या त्या फ्लॅटची भिंत मात्र माझ्यासमोर आली. वॉलपेपरच्या मागून पाझरणारी ओल, नाणी टाकून चालवायचं हीटरचं मीटर, आणि रात्रभर बसून खोकणारा अतुल. डॉक्टरांनी सांगितलं की याला कोरड्या हवेत ठेवा. तू म्हणालीस, पाठवून दे गं, एका हिवाळ्याचा तर प्रश्न आहे. मग मीनल पोटात राहिली, मग मोहनची नोकरी बदलली, मग अतुलची शाळा मध्येच नको, मग स्कॉलरशिपचं वर्ष. यात कोण चुकलं हे मी पुष्कळ शोधलं आणि मला कोणी सापडलं नाही. तुला मी याबद्दल कधी नीट धन्यवादही दिले नाहीत, कारण धन्यवाद दिले असते तर अतुल ठेव म्हणून ठेवलेल्या वस्तूसारखा वाटला असता.

इकडे मीनलने खोली तयार करायला घेतली आहे. सात वर्षांची झाली, पण मराठी अजून अशीच, ‘मम्मी, माझी दादा कुठे झोपणार? तो माझी बेड घेतला तर आय विल क्राय.’ तिने स्वतःची अर्धी खेळणी कपाटातून काढून दादासाठी जागा केली आणि दुसऱ्या दिवशी त्यातली अर्धी परत आत ठेवली. विचारते, दादाला इंग्लिश येते का, दादाला टोस्ट आवडतो का, दादा मला हसणार का. तिच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला खात्रीने देता आलं नाही. टोस्ट आवडतो की नाही, तेसुद्धा.

मे महिन्यात लिंडनरच्या चरित्रात मुलगा परत आला. वडिलांनी त्याला पंधराव्या वर्षी बोलावून घेतलं, मिशनच्या शाळेत मदतीला. लिंडनर किनाऱ्यावर घ्यायला गेले. संध्याकाळी जेवण झाल्यावर, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे, त्यांनी मुलाला समोर उभं करून धर्मशिक्षणाची परीक्षा घेतली. लुथरन लोकांचं एक प्रश्नोत्तरांचं पुस्तक असतं. देवाच्या प्रत्येक आज्ञेनंतर विचारायचं, याचा अर्थ काय? मुलाने पाठ केलेलं उत्तर द्यायचं. सगळी उत्तरं बरोबर आली. ‘मुलाचा पाया पक्का आढळला, देवाचे आभार.’ इतकंच. इतक्या वर्षांनी मुलगा डोळ्यांसमोर आला आणि त्याची तोंडी परीक्षा! मला हसू फुटलं. हिल्डेबाई दुखावल्या. म्हणाल्या, तुम्ही हसू नका, ते रोज शाळेत शंभर मुलांशी असंच बोलत होते. मुलांशी बोलायची दुसरी रीत त्यांना माहीतच नव्हती. ते प्रेमच होतं, फ्राउ प्रभा.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे तुमच्याकडे फोन लावला. तुला आठवत असेल, लाइन नीट होती. मी अतुलला विचारलं, पंप वेळेवर घेतोस ना? हो मम्मी. दूध? हो मम्मी. गणितात किती पडले? ब्याऐंशी. आईला त्रास देत नाहीस ना? नाही मम्मी. मागून तुझा आवाज, सांग, संस्कृतचंही सांग. संस्कृतात नव्वद, मम्मी. शाब्बास, आता पप्पांना देते. आणि रिसीव्हर मोहनच्या हातात देताना मला ती परीक्षा आठवली. आठ वर्षं दर रविवारी मी काय करते आहे? मी विचारते, तो उभा राहून उत्तर देतो, पाया पक्का आढळतो. तो तुला आई म्हणतो याचं मला वाईट वाटायचं. आता वाटतं की जी रोज त्याच्याशी भांडते, त्याचे मोजे शोधून देते, नाटकातलं भाषण म्हणताना त्याला हसते, तिला त्याने दुसरं काय म्हणावं?

मग मी हिल्डेबाईंना त्या बहिणीबद्दल विचारायला लागले. लिंडनरची बहीण, जिने क्रिस्टियानला वाढवलं. तिचं काय झालं? मुलगा जहाजावर चढला तेव्हा तिला कोणी विचारलं होतं का? बाई म्हणाल्या, तिच्याबद्दल फार काही नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी मुद्दाम शोधून एक जागा काढली. तिचं नाव डोरोथेआ. ती गेल्याची बातमी जहाजाने वर्षभराने तंजावरला पोचली. लिंडनर लिहितात, ‘क्रिस्टियानने शाळेतून रजा मागितली, मी दिली.’ बघा, बाई म्हणाल्या, किती दयाळू होते, कामाचे दिवस असून रजा दिली. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. आई गेली आणि मुलगा वडिलांकडे रजा मागतो आहे. दोघे एकाच घरात राहत होते, ताई.

त्यापुढे माझं लिहिणं अडलं. बाईंना शेवटी एक वाक्य हवं होतं, की अशा रीतीने पिता-पुत्राचं पुन्हा मीलन झालं. मी ते लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. बाई म्हणाल्या, पण ते पुढे तीस वर्षं एकत्र काम करत होते, मग खोटं कुठे आहे? खोटं नाही, हे मलाही दिसतं. शेवटी मी लिहिलं की क्रिस्टियान अखेरपर्यंत वडिलांच्या कामात राहिला, आणि त्याला डोरोथेआ लिंडनर यांनी वाढवलं. बाई म्हणाल्या, तिला आमच्या मंडळीत कोणीच ओळखणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि केकचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. तसंच राहू द्या, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी मोहनला सांगितलं की अतुलला आणायला नको. तो सिंकजवळ भांडी धूत होता. नळ बंद न करता म्हणाला, दोनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यासाठी मी माझ्या मुलाचं तिकीट रद्द करू? मी म्हटलं, पाद्र्यासाठी नाही, ताईसाठी. अतुलसाठी. तो म्हणाला, आणि माझ्यासाठी कोण? मी त्याला बघायला म्हणून दर दोन वर्षांनी जातो, तो पहिले चार दिवस मला अहो-जाहो करतो. मग घासलेलंच पातेलं त्याने पुन्हा घासलं. शेवटी म्हणाला, तुझं नक्की ठरलं की मला सांग, पण नक्की ठरल्यावरच सांग, तुझं रोज वेगळं ठरतं. खरं सांगते, त्या वेळी माझं नक्की ठरलं होतं. मी मनातल्या मनात तुला लिहायचं पत्रही तयार केलं होतं, फार उदार पत्र होतं ते. अतुल तुझाच आहे, तुझ्याकडेच राहू दे, वगैरे. लिहिताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं असतं. आता वाटतं, त्या उदारपणात मी त्याला विचारलं नव्हतंच. लिंडनरनेही विचारलं नव्हतं. त्याने बोलावून घेतलं, मी सोडून देत होते, फरक इतकाच.

मग गेला रविवार आला. मी फोन लावला तेव्हा तू खाली रेखावहिनींकडे त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेली होतीस, भावजी झोपले होते, अतुल एकटाच होता. मी ठरवलं होतं की आज एकही प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न न विचारता त्याच्याशी काय बोलायचं हे मला सुचेना, इतकी माझी दशा. शेवटी त्याला मीनलच्या शाळेतली गंमत सांगितली. शाळेच्या जत्रेत मी भज्यांचा स्टॉल लावला, धुराने फायर अलार्म वाजला, सगळी शाळा ओळीने मैदानात उभी राहिली, हेडमिस्ट्रेस रजिस्टर घेऊन धावल्या आणि मी हातात झारा घेऊन मध्ये उभी.  मग तो हसला. ताई, मी त्याचं हसणं फोनवर कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, मग भजी? मी म्हटलं, फायरमननी खाल्ली, आणि मिरचीच्या भज्याने एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो म्हणाला, म्हणजे त्यालाच पाण्याची गाडी लागली. आणि आम्ही दोघं काही कारण नसताना हसत राहिलो. मोहन दारात येऊन उभा राहिला.

हसू थांबलं आणि अतुल आवाज बारीक करून म्हणाला, ‘मम्मी, मला यायचंय तिकडे.’  ‘पण मी आईला नको म्हणून सांगितलंय. तू तिला सांगू नकोस हं. तिचं बीपी वाढतं.’ आणि मग, ‘आणि नाही आवडलं तर परत येता येईल ना?’ मी सांगितलं, येईल. मी सांगितलं, नाही सांगणार. तेवढ्यात जिन्यात तुझी चाहूल लागली असावी, कारण तो एकदम मोठ्याने म्हणाला, हो मम्मी, पंप घेतो मी. त्याला माझ्यासाठी यायचं आहे असं मी समजत नाही. त्याला विमान बघायचं असेल, बर्फ बघायचा असेल, मीनलला बघायचं असेल. तेरा वर्षांच्या मुलाला जग बघायचं असतं. मी ऐकलं ते खरंच ऐकलं की मला हवं ते ऐकलं, हे मी पाच दिवस स्वतःला विचारते आहे. मोहनलाही विचारलं, तो दारातून नुसतं माझं तोंड बघत होता. तो म्हणाला, तुझं तोंड पाहून मला वाटलं कोणीतरी गेलं.

म्हणून हे पत्र. अतुलने मला आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट विश्वासाने सांगितली आणि मी ती तुला सांगते आहे. दुसरा मार्ग मला सापडला नाही. मी तिकीट पाठवून बोलावलं तर तो येईल, पण तुला टाकून आलो असं त्याला जन्मभर वाटत राहील. मी बोलावलं नाही तर तो तुझ्यासाठी तिथे राहील आणि तुला कधी कळू देणार नाही, आणि एक दिवस त्याचं ओझं तुम्हा दोघांना होईल. तू त्याला जा म्हण. माझ्या पत्रावरून नाही, तुझं तुला सुचलं म्हणून. आणि आवडलं नाही तर परत ये, तुझी खाट इथेच आहे, हेही तूच सांग, कारण ते मी सांगून त्याला खरं वाटणार नाही. हे तुझ्याने होणार नसेल तर तसं कळव. मी तिकीट रद्द करायला सांगेन आणि पुन्हा हा विषय कधी काढणार नाही. ज्या बाईचं घर यामुळे रिकामं होणार, तिनेच त्याला हसत निरोप द्यावा, असं मी मागते आहे. तुझ्याकडे हे मागायचा मला काही हक्क नाही, ताई. तरी मागते. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. मी त्याचा शब्द मोडला, हे त्याला कधीही कळू देऊ नकोस.

तुझीच,
प्रभा